ट्रेलरच्या बेपत्ता मालकाविरुद्धची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सब-कलेक्टर साहेब,
कुंभकोणम् उपविभाग,
कुंभकोणम्, जिल्हा तंजावर.

अर्जदार: टी. व्ही. हनुमंतराव, वय ६९, सेवानिवृत्त परवानाधारक दस्तलेखक (जमीन, घर, वाटणी व बक्षीसपत्रे), राहणार कुंभकोणम्.

विषय: एका जुन्या ट्रेलरच्या बेपत्ता नोंदणीकृत मालकाविरुद्ध अर्जदाराने केलेली सतरा पानी तक्रार मागे घेण्याबाबत; सदर ट्रेलर हलवू नये हा हुकूम तातडीने उठवण्याबाबत; तसेच सदर मालकास जन्माची अद्दल घडवावी ही विनंती रद्द समजण्याबाबत. (कारण परिच्छेद ८ मध्ये सांगण्याचे धैर्य अर्जदार करील.)

संदर्भ: १) अर्जदाराची तक्रार, दि. ३० जून २०२५.
२) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. ४ ऑगस्ट २०२५. सुनावणी सोमवार, दि. १८ ऑगस्ट, सकाळी ११.
३) मरुदानल्लूर येथे आपण मराठीत बोललेली दोन वाक्ये.

महोदय,

१. गेल्या पौषात आपण मरुदानल्लूरच्या भजनमठात आला होता. पानावरून उठल्यावर आपण मंडळींना मराठीत दोन वाक्ये बोललात. आपले गाव वाईजवळ आहे, हे एक. कुणास काही अडचण आली तर मराठीत लिहिले तरी आपणास वाचता येईल, हे दुसरे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि तो साहेबांचा चांगुलपणा समजून मंडळी घरी गेली. अर्जदाराने मात्र एकेचाळीस वर्षे दस्त लिहिले आहेत. दोनशे साक्षीदारांसमोर उच्चारलेला शब्द त्याच्या लेखी नोंदवलेल्या करारासारखाच असतो, म्हणून हा अर्ज मराठीत. अर्जदाराच्या पूर्वजांनी तंजावरच्या दफ्तरात कारकुनी करायला येताना ही भाषा सोबत आणली, ती त्यानंतर माहेरी गेलेली नाही. सबब काही शब्द कुबट वाटल्यास जुने पण वैध समजून चालवून घ्यावे. सोबत तमिळ प्रत आहे. ती अर्जदाराची कन्या जननी हिने चेन्नईहून करून पाठवली. ती अर्ध्या पानाची आहे, कारण लाज वाटण्याजोगे सगळे तिने गाळले. फाईलला ती लावावी आणि खरे काय घडले ते येथे वाचावे.

२. अर्जदाराविषयी थोडके. या गावात वीतभर जमीन घ्यायची झाली तरी लोक आधी कागद अर्जदाराला दाखवतात. मुलीचे स्थळ ठरवण्यापूर्वी मुलाच्या घराचे कागद घेऊन आलेले बापही त्याने पाहिले आहेत, आणि दोन स्थळे त्याच्या शब्दावर मोडली आहेत. त्याने लिहिलेला एकही दस्त आजवर कोर्टात पडलेला नाही. कागद पाहून त्याने मान हलवली की व्यवहार पक्का, आणि चष्मा काढून ठेवला की व्यवहार मेला, असे लोक समजतात. ही आत्मस्तुती नव्हे. पुढील अधःपतन किती उंचीवरून झाले ते कळावे म्हणून लिहिले आहे.

३. आता मूळ गोष्ट. अर्जदाराची पत्नी सौ. नागलक्ष्मी ही लग्नामुंजीचा स्वयंपाक करते. यंदा मरुदानल्लूरच्या रुक्मिणीकल्याण उत्सवाचे स्वयंपाकघर प्रथमच तिच्याकडे सोपवले आहे. दि. २९ ऑगस्टपासून तीन दिवस, दर पंक्तीला सहाशे पाने. तिची भांडी म्हणजे पितळी हंडे नऊ, काहिली चार, पराती किती त्या मोजलेल्या नाहीत, आणि इडलीचे एक पात्र, ज्याला उचलायला चार माणसे लागतात आणि पाचवा शिव्या द्यायला. तिच्या चुलतभावाचा, सुब्रह्मण्याचा, ट्रॅक्टर आहे. त्यामागे जोडायला ट्रेलर नाही. म्हणून तिने स्वतः हिंडून नाचियार्कोविल् येथे एक जुना ट्रेलर शोधला. तो तेथील पितळी दिवे ओतणाऱ्या रंगा यांच्याकडे होता. साच्यांसाठी ते त्यातून नदीकाठची माती आणत. तिने ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकाला लाथ मारून पाहिली, मागचे फळकूट वरखाली केले, आणि एक कॉफी संपायच्या आत व्यवहार ठरवून मोकळी झाली. त्यानंतर तिने आयुष्यातली एकच चूक केली. घरी येऊन ती अर्जदाराला म्हणाली की कागदांवर जरा नजर टाका. हा जानेवारी महिना होता.

४. रंगा यांच्याकडे कागद म्हणून विम्याची एक जुनी पावती आणि मणी नावाच्या वीटभट्टीवाल्याकडून ट्रेलर घेतल्याची चार ओळींची चिठ्ठी होती. नोंदणीचे पुस्तक नव्हतेच. मागच्या मालकाकडे असेल, असे ते बिनघोर म्हणाले. अर्जदाराच्या अंगावर काटा आला. त्याने उमेदीची सारी वर्षे ज्या पद्धतीने कागद तपासले त्याच पद्धतीने काम सुरू केले. प्रथम त्याने मूळपत्र मागितले. मग जमिनीवर कुणाचा बोजा नाही असा तीस वर्षांचा दाखला असतो, ज्याला येथे विल्लंगम म्हणतात, तो ट्रेलरचा मागितला. मग चतुःसीमा मागितल्या. ट्रेलरच्या पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय, या प्रश्नावर रंगा बराच वेळ विचार करून म्हणाले की उभा कसा करू त्यावर आहे. अर्जदाराने तेही टिपून घेतले. मणी यांच्याकडे तीन खेपा झाल्या. त्यांनी ट्रेलर तिरुविडैमरुदूरच्या एका म्हाताऱ्याकडून घेतला होता. त्याचे नाव त्यांनी विचारले नव्हते, पण त्याच्याकडचे ताक उत्तम होते एवढे त्यांना पक्के आठवत होते.

५. फेब्रुवारीत अर्जदाराने जाहीर नोटीस काढली: सदर ट्रेलरवर कुणाचा हक्क, हितसंबंध, गहाण, वारसा, अन्नवस्त्राचा बोजा अथवा जाण्यायेण्याची वहिवाट असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. वहिवाटीप्रमाणे नोटीस मिळकतीवरच डकवायची असते, म्हणून ती ट्रेलरच्या मागच्या फळकुटावर डकवली. जमीन असती तर नोटीस जागच्या जागी राहिली असती. ट्रेलर रोज माती आणायला जाई आणि नोटीस तीन तालुके हिंडून येई. परिणामी अकरा हरकती आल्या. एकाच्या बांधाला ट्रेलरने धक्का दिला होता. एका बाईंची शेळी त्यात चढून पलीकडच्या गावी गेली होती. एका गृहस्थाने एवढेच लिहिले की आपला ट्रेलरशी काही संबंध नाही, पण अक्षर सुरेख आहे. अर्जदाराने प्रत्येक हरकतीवर लेखी निकाल दिला. यात मार्च आणि एप्रिल गेले. सौ. नागलक्ष्मी अधूनमधून विचारी की ट्रेलर कधी येणार, आणि अर्जदार सांगे की घाईत घेतलेला कागद गळ्याशी येतो.

६. मे महिन्यात जननी सुट्टीला आली. तिने सांगितले की वाहनाचे सगळे फोनवरच दिसते, चासीचा नंबर तेवढा हवा. तो नंबर सांगाड्यावर कोरलेला असतो, पण त्यावर हिरव्या रंगाचे तीन थर आणि मोरांची एक जोडी रंगवलेली होती. रंगा यांनी दिवे घासायची चिंच आणि वीटकरीची पूड दिली. अर्जदार वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ट्रेलरखाली पाठीवर निजून दीड तास चिंच चोळत होता. हिरव्या थरांनी दाद दिली नाही तेव्हा पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडले. अखेर नंबर उजळला. अर्जदाराने त्यावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतला, आणि त्या क्षणी त्याला जो आनंद झाला तो जननीच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता, असे सौ. नागलक्ष्मी म्हणते. फोनवर कळले ते असे: ट्रेलर नोंदलेला आहे. कर्जाचा बोजा नाही. नोंदणीची मुदत संपून गेली आहे, आणि तिचे नूतनीकरण मूळ नोंदणीकृत मालकाच्या सहीनेच होईल. त्या मालकाचे नाव मात्र खासगीपणासाठी झाकलेले होते. आरंभी इंग्रजी टी, मग तारेच तारे, शेवटी ओ.

७. अर्जदाराचे रक्त उसळले. ज्याने ट्रेलर हातचा जाऊ दिला, आणि नाव बदलून देण्याचे साधे कर्तव्य न करता तीन निरपराध माणसांना लटकत ठेवले, असा हा इसम कोण? ओ-कारान्त तमिळ नाव अर्जदाराच्या ऐकिवात नव्हते. सबब हा परमुलखातून आलेला भामटा असावा असा त्याने निष्कर्ष काढला, आणि ३० जूनच्या सोमवारी, तक्रारींच्या दिवशी, आपल्या कार्यालयात सतरा पाने दाखल केली. त्यात त्याने काय काय लिहिले ते आपण वाचलेच असेल. तरी आठवण देणे भाग आहे. सदर मालक हा "कागदाचा शत्रू" आहे. त्याचे शिक्षण झाले असल्यास ते वाया गेले आहे. त्याला हुडकून काढून भर कार्यालयात उभे करावे, त्याचा फोटो सूचनाफलकावर लावावा, यापुढे कुठल्याही दस्तावर त्याची सही घेऊ नये, आणि चौकशी पुरी होईपर्यंत ट्रेलर जागचा हलू देऊ नये. आपल्या कार्यालयाने अत्यंत तत्परतेने शेवटची विनंती मान्य केली. तसा कागद रंगा यांच्या दारात ट्रेलरवर लागला. अर्जदार तो अभिमानाने पाहून आला आणि घरी सांगता झाला की आता कुणाची हिंमत नाही ट्रेलर हलवायची. सौ. नागलक्ष्मीने विचारले की आपली तरी आहे का. त्या दिवसापासून त्याला कॉफी मिळते, पण डबरा-टंबळर, म्हणजे कॉफीची वाटी नि पेला, त्याच्यापुढे न ठेवता खिडकीत ठेवला जातो.

८. आपली नोटीस आली. तीत लिहिले होते की आधीच्या सर्व ताबेदारांची नावे तक्रारदाराने सुनावणीपूर्वी द्यावी. म्हणून दि. ७ ऑगस्ट रोजी अर्जदार मणी यांना बसमध्ये घालून तिरुविडैमरुदूरला गेला. मणी यांना घर आठवेना, पण शेत आठवले. एका भाताच्या खाचराशी ते थांबले आणि म्हणाले की ट्रेलर येथेच उभा होता, या विहिरीजवळ. साहेब, ती विहीर अर्जदाराच्या वडिलांनी खणलेली होती. वडिलांमागे ते शेत अर्जदाराकडे आले होते आणि २००६ साली त्याने ते वैद्यनाथ नावाच्या गृहस्थांना विकले होते. वैद्यनाथ घरीच होते. आता वय पंच्याऐंशी. त्यांनी ताक दिले. ट्रेलरचे पुस्तक आहे का म्हणून विचारता ते आत गेले आणि शेताचे गाठोडे घेऊन आले. त्यात अर्जदाराने स्वहस्ते लिहिलेले शेताचे खरेदीखत होते, एकवीस पाने, अजून शाईला तजेला. वैद्यनाथांनी परिशिष्ट काढून अदबीने वाचून दाखवले: "येणेप्रमाणे जमीन, तीवरील नारळाची झाडे चौदा, विहीर एक, गोठा एक, दगडधोंडे, पालापाचोळा, निधिनिक्षेप, आणि ईशान्य कोपऱ्यात उभा असलेला दोन चाकी ट्रेलर एक, यांसह कायमची विकली असे." त्याखाली शिवून टाकलेले होते ते ट्रेलरचे नोंदणीचे पुस्तक. मालक: टी. व्ही. हनुमंतराव. अर्जदाराच्या पायाखालची जमीन सरकली. ती त्याने स्वतःच विकलेली होती.

याचा उलगडा असा. २००३ साली त्या शेतावरच्या कुळाने ट्रेलर मागितला. शेत अर्जदाराच्या नावे, म्हणून ट्रेलरही त्याच्या नावे झाला. सह्या त्याने घराच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या कट्ट्यावर, दुसऱ्याचा दस्त लिहिता लिहिता केल्या. ट्रेलर त्याने आयुष्यात एकदा पाहिला, तोही निळा आणि गवताच्या गंजीखाली. शेत विकताना जमिनीवर जे जे उभे आहे ते ते परिशिष्टात घालायचे, हा दस्तलेखकाचा धर्म. झाड जमिनीबरोबर जाते, विहीर जाते, म्हणून ट्रेलरही गेला असे त्याने गृहीत धरले. वाहनाला वेगळा फॉर्म लागतो, तो वाहन कार्यालयात द्यावा लागतो, हे दुसऱ्याने कुणी विसरले असते तर अर्जदाराने त्याला घरात घेतले नसते. भामटा परमुलखातून आला असावा हा तर्क तेवढा पूर्णपणे चुकला असे म्हणता येणार नाही. अर्जदाराचे घराणे बाहेरूनच आले, फक्त त्याला काही शतके झाली.

९. आता पेच असा आहे. दि. १८ रोजी तक्रारदाराने आणि मालकाने दोघांनी हजर राहायचे आहे. आपला शिपाई दोन नावे पुकारील आणि एकच म्हातारा उठेल. सतरा पाने मोठ्याने वाचली जातील. त्या दालनात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरांचे कागद अर्जदाराच्या हातचे आहेत, आणि ते सारे घरी जाऊन आपापले दस्त पुन्हा उघडून पाहतील, की आपल्या परिशिष्टात काय काय राहिले. अर्जदाराने हेही सोसले असते. पण ट्रेलरवर जो कागद लावला आहे तो सुनावणीनंतर चौकशी, चौकशीनंतर अहवाल, असा चालला तर २९ तारखेला नऊ हंडे घरातच राहतील आणि मरुदानल्लूरचे स्वयंपाकघर पूर्वीच्या आचाऱ्याकडे परत जाईल. सौ. नागलक्ष्मीने या एका कामासाठी किती वर्षे वाट पाहिली ते अर्जदाराला माहीत आहे. रंगा यांनाही त्याने सत्य सांगितले. ते भले माणूस. ते म्हणाले की ट्रेलर तुमचाच असेल तर मी विकणारा कोण, घेऊन जा. पण हा सरकारी कागद माझ्या दारातून काढा, दिवे घ्यायला येणारी माणसे बिचकतात. महिनाअखेर तो कागद निघाला नाही तर, असे रंगा म्हणतात, तिरुविडैमरुदूरचा एक मांडववाला ट्रेलर आहे तसा, हुकमाला न जुमानता आणि नोंदणीच्या पुस्तकाशिवाय न्यायला तयार आहे. असली माणसे जगात आहेत.

१०. मार्ग सरळ दिसत होता. अर्जदार नोंदणीकृत मालक. त्याने रंगा यांच्या संमतीने फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रेलर सौ. नागलक्ष्मीच्या नावे करून द्यावा, की काम झाले. ८ तारखेस सकाळी अर्जदाराने दोन्ही फॉर्म भरून तिच्यापुढे ठेवले आणि सही कुठे करायची तेथे बोट दाखवले. ती कपबशा विसळत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला, फॉर्म वाचला, आणि मग, साहेब, चष्मा काढून ठेवला. सबब तिला कागद मान्य नव्हते. या क्षणापासून सदर व्यक्ती ही व्यवहारातील खरेदीदार झाल्याने अर्जदार यापुढे तिचा उल्लेख आदरार्थी करील.

खरेदीदार म्हणाल्या की विकणारा कोण आहे ते पाहिल्याशिवाय त्या काही घेत नाहीत. हा नियम त्या याच घरात शिकल्या. विकणारा इसम ट्रेलर आपला आहे हे एकोणीस वर्षे विसरला होता. तो आणखी काय काय विसरला असेल? त्यांनी विक्रेत्याचा तीस वर्षांचा विल्लंगम मागितला. अर्जदाराने माणसाचा असा दाखला नसतो असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की ट्रेलरचाही नव्हता, तरी सहा महिने मागितलात. मग त्यांनी चतुःसीमा विचारल्या. विक्रेता सकाळी कुठे बसतो, दुपारी कुठे निजतो, आणि त्याला हाक मारली तर किती हाकांनी उठतो. हरकती मागवण्यासाठी त्यांनी चेन्नईला फोन लावला. जननीच्या सात आल्या. अर्जदाराने सातही उतरवून घेतल्या आहेत; त्यांपैकी पाच रास्त आहेत.

११. इथवर अर्जदार हसत होता, आणि खरेदीदारही थोड्या हसत होत्या. मग त्यांनी कपाटातली कागदांची पेटी जमिनीवर आणली आणि घरातले सगळे कागद मांडले. घर अर्जदाराच्या नावे. गॅस अर्जदाराच्या नावे. वीज अजून अर्जदाराच्या वडिलांच्या नावे, जे १९९८ साली गेले. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख अर्जदार. खरेदीदारांनी एकेक कागद उलटा करून बाजूला ठेवला. मग त्यांनी अर्जदाराच्या जुन्या दस्तांच्या नकला काढल्या. प्रत्येक दस्ताला दोन साक्षीदार लागतात. पक्षकारांनी एक आणलेला असे, दुसरा बहुधा नसे, तेव्हा अर्जदार तिण्णैवरून आत हाक मारी. त्या चूल मंद करून बाहेर येत, पदराला हात पुसत, दाखवलेल्या ठिकाणी सही करत आणि आत जात. काय लिहिले आहे ते अर्जदाराने त्यांना कधी वाचून दाखवले नाही. त्यांनीही विचारले नाही, कारण आत फोडणी जळत असे. अर्जदाराने त्या सकाळी सह्या मोजल्या. चारशे बारा होत्या. चारशे बारा वेळा त्यांनी दुसऱ्याचे घर, दुसऱ्याचे शेत, दुसऱ्याची वाटणी पाहिली असे लिहून दिले आहे. मालक म्हणून त्यांची सही त्या अख्ख्या पेटीत एकही नव्हती.

खरेदीदार घरच्या बोलीत एवढेच म्हणाल्या, "साक्ष पुष्कळ झाली. आता हे माझं."

सारी उमर अर्जदार लोकांना सांगत आला की कागदावर नाव कुणाचे आहे ते आधी पाहा, आणि स्वतःच्या घरात त्याने ते पाहिले नाही. ट्रेलरचे पुस्तक विसरणे ही चूक होती, तिला फॉर्म आहे. या दुसऱ्या चुकीला कोणता फॉर्म आहे ते अर्जदारास ठाऊक नाही आणि ते शोधण्याइतका वेळ आता हाताशी नाही. त्याला फार वाईट वाटले, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

१२. सबब अर्जदाराची प्रार्थना अशी की, तक्रार मागे घेतली असे समजावे. ट्रेलर हलवू नये हा कागद २५ तारखेपूर्वी काढण्याचा हुकूम व्हावा, म्हणजे हंडे वेळेवर मरुदानल्लूरला पोचतील. मालकाचा फोटो सूचनाफलकावर लावण्याची विनंती अर्जदार मागे घेत आहे. तथापि आपणास ते आवश्यक वाटल्यास लावावा, फक्त उत्सवानंतर. नूतनीकरण आणि नावबदल एकाच दिवशी व्हावा. कारण एक दिवसाकरिताही ट्रेलर पुन्हा अर्जदाराच्या नावे वैध राहिला तर खरेदीदार पुन्हा कागद तपासायला घेतील, आणि त्या अर्जदारापेक्षा कडक आहेत.

१८ तारखेची सुनावणी रद्द करू नये, अशी मात्र खरेदीदारांची इच्छा आहे. त्या येणार आहेत. त्या दिवशी शिपायाने अर्जदाराचे नाव दोनदा पुकारण्याऐवजी एकदाच पुकारावे, आणि मालक म्हणून त्यांचे नाव पुकारावे, "नागलक्ष्मी", एवढेच, कुणाची कोण ते न जोडता. सतरा पाने वाचून दाखवायची असल्यास अर्जदाराची हरकत नाही. तो उभा राहून ऐकेल.

शेवटची एक बारीक विनंती. फॉर्म २९ व ३० यांत साक्षीदाराला जागा ठेवलेली नाही. कायद्याने साक्षीदार लागत नाही हे अर्जदारास मान्य आहे. तरी खरेदीदारांच्या सहीखाली डाव्या बाजूस दोन बोटे जागा मोकळी आहे, आणि तेथे साक्षीदार म्हणून सही करण्याची परवानगी अर्जदाराला मिळावी. त्याने खरेदीदारांना विचारले आहे. त्या म्हणाल्या की आधी काय लिहिले आहे ते नीट वाचून घ्या, मग सही करा.

अर्जदाराने वाचले आहे.

आपला नम्र,
टी. व्ही. हनुमंतराव
(तक्रारदार, तसेच ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो)
कुंभकोणम्, मंगळवार, दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत जोडलेले कागद:
१) तमिळ प्रत, अर्धे पान.
२) नोंदणीचे मूळ पुस्तक, शेताच्या दस्तातून काळजीपूर्वक उसवून.
३) चासी नंबरचा पेन्सिलीचा ठसा. (डाग चिंचेचे आहेत.)
४) रंगा, मणी व वैद्यनाथ यांची संमतीपत्रे. वैद्यनाथांनी झाडे व विहीर परत मागू नये अशी अट घातली आहे, ती मान्य.
५) फॉर्म २९ व ३०. विक्रेत्याची सही झाली आहे. खरेदीदारांची सही त्या आपल्यासमोर करतील.
६) नागलक्ष्मी यांचे दोन फोटो, एकटीचे. घरात होते ते सर्व जोडीचे निघाले, म्हणून काल स्टुडिओत जाऊन नवे काढले. अर्जदार बाहेर बाकावर बसला होता.